जॉनी रॉटन, त्याचा ड्रमर आणि टीव्हीवरची कचेरी : याला न्याय म्हणावे का?

आडवाट

इंग्लंडमधल्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक जॉन लायडन, म्हणजेच जॉनी रॉटन, १९९७ मध्ये अमेरिकेतल्या 'जज ज्युडी' या टीव्ही कार्यक्रमात प्रतिवादी म्हणून उभा राहिला होता, हे इथल्या रॉक ऐकणाऱ्या सभासदांना ठाऊक असेल. त्या वर्षी त्याचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम निघाला होता आणि दौऱ्यासाठी त्याने रॉबर्ट विल्यम्स या ड्रमरला घेतले होते. विल्यम्स नवखा नव्हता. त्याआधी तो कॅप्टन बीफहार्ट या अमेरिकी रॉक गायकाच्या मॅजिक बँडमध्ये वाजवत असे. दोघांचे बिनसले आणि विल्यम्सने करारभंग व मारहाण असे दोन आरोप ठेवून भरपाई मागितली. लायडनने आपल्याला डोक्याने धडक मारली, असे त्याचे म्हणणे होते. न्यायाधीशाच्या खुर्चीत ज्युडिथ शाइंडलिन, म्हणजेच 'जज ज्युडी', होत्या. लायडन मध्ये मध्ये बोलत राहिला, तोंडे करत राहिला, बाईंनी त्याला वारंवार गप्प केले आणि शेवटी निकाल त्याच्याच बाजूने दिला.

पंधरा वर्षांपूर्वी ही चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी फक्त लायडनकडे पाहत होतो. परवा पुन्हा पाहिली आणि सगळा वेळ नजर विल्यम्सवर राहिली. मधल्या काळात मी स्वतः बारा वर्षे ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवला आहे, म्हणून असेल. पोस्टरवर नाव गायकाचे असते, तिकीट गायकाच्या नावावर खपते आणि वाजवणाऱ्याचा हिशेब फोनवरच्या दोन वाक्यांत ठरलेला असतो. तो हिशेब फिसकटला की दाद कुठे मागायची, हे आमच्यापैकी कोणालाच नीट माहीत नसते.

म्हणून हा धागा. दुसऱ्याच्या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमात वाजवणाऱ्या माणसाचे पैसे अडकले तर त्याने अशा टीव्हीवरच्या कचेरीत जावे का, आणि तिथे जे मिळते त्याला न्याय म्हणावे का? कायदा जाणणाऱ्यांनी आणि वादकांनी जरूर लिहावे.

निशिगंधा

आम्ही १९९८ पासून न्यू जर्सीत राहतो. माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी यायची तेव्हा दुपारी हा कार्यक्रम चुकवत नसे. इंग्रजी तिला बेताचेच येत असे, पण वादी कोण, प्रतिवादी कोण आणि खोटे कोण बोलते आहे हे ती चेहऱ्यांवरून ठरवायची, आणि तिचा अंदाज पुष्कळदा बाईंच्या निकालाशी जुळायचा. हे खरे कोर्ट आहे असेच ती धरून चालली होती. आमच्या घराण्यात जमिनीचा दावा तेवीस वर्षे चालला होता, त्यामुळे अर्ध्या तासात निकाल देणारे कोर्ट तिला फार मोलाचे वाटे.

एक दिवस तिने मला दोन प्रश्न विचारले. पहिला, "यांचे वकील कुठे आहेत?" दुसरा, "आणि हरला तो हे पैसे देणार कुठून? त्याच्याकडे तर काहीच दिसत नाही." दोन्हींचे उत्तर मला तेव्हा देता आले नव्हते. आडवाट यांचा धागा वाचून ते प्रश्न आठवले, म्हणून इथे लिहिले.

सनदधारक

निशिगंधाताई, तुमच्या आईंनी नेमक्या जागी बोट ठेवले होते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

'जज ज्युडी' हे न्यायालय नव्हते, तो लवाद होता. शाइंडलिन पूर्वी न्यूयॉर्कच्या कौटुंबिक न्यायालयात खऱ्या न्यायाधीश होत्या. १९८२ मध्ये महापौर एड कॉच यांनी त्यांची नेमणूक केली आणि १९९६ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कार्यक्रम सुरू झाला, तो २०२१ पर्यंत चालला. त्या खुर्चीत बसताना त्यांच्या हाती सरकारने दिलेला कोणताही अधिकार नव्हता. लहान रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयात दाखल झालेली प्रकरणे कार्यक्रमाचे लोक शोधत आणि दोन्ही पक्षांना निमंत्रण देत. पक्षकार लवादाच्या करारावर सही करत, मूळ दावा काढून घेत आणि बाई देतील तो निवाडा आपल्यावर बंधनकारक राहील असे मान्य करत. त्यांचा अधिकार या सहीतून येत असे. वकील नसण्याचे कारणही हेच, की लहान दाव्यांच्या न्यायालयात माणसाने आपली बाजू स्वतः मांडावी अशी तिथली रीत आहे आणि कार्यक्रमाने ती तशीच उचलली.

आता पैशांचे. निवाड्याची कमाल मर्यादा ५,००० डॉलर होती आणि ती रक्कम हरलेला पक्ष देत नसे, कार्यक्रमाचे निर्माते देत. शिवाय दोन्ही पक्षांना येण्याजाण्याचा खर्च आणि हजेरीचे मानधन मिळे. म्हणजे लायडन हरला असता तरी त्याच्या खिशातून एक डॉलर गेला नसता.

कुरुंदवाडकर

सनदधारक यांनी फार उपयुक्त माहिती दिली. पैसे निर्माते देत, ही माझ्या मते या पद्धतीची जमेची बाजू आहे. कोणत्याही देशात निकाल मिळवण्यापेक्षा वसुली कठीण असते. हुकूमनामा हातात घेऊन वर्षानुवर्षे फिरणारी माणसे मी पाहिली आहेत. इथे जिंकलेल्या माणसाला रक्कम निश्चित मिळत होती, तीही लगेच. गरीब वादीच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

खडकवाट

पंक संगीत मी शाळेपासून ऐकतो आणि लायडनचा कोर्टांशी आलेला संबंध हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. व्यवस्थेला शिव्या देणारा माणूस न्यायाधीशापुढे उभा राहिला, यात लोकांना विसंगती दिसते. मला ती दिसत नाही, कारण त्याचे जवळपास सगळे आयुष्य करार आणि कज्जे यांतच गेले आहे.

१ डिसेंबर १९७६ रोजी बिल ग्रंडी यांच्या टीव्ही मुलाखतीत सेक्स पिस्टल्सच्या मुलांनी थेट प्रक्षेपणात शिव्या दिल्या, दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम रद्द झाले आणि पुढच्या महिन्यात ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीने करार संपवला. मार्च १९७७ मध्ये ए अँड एम कंपनीने बकिंगहॅम राजवाड्याबाहेर त्यांच्याशी गाजावाजा करून करार केला आणि आठवडाभराच्या आत तोही मोडला. दोन्ही वेळा बँडला पैसे मिळाले. तेव्हा लायडन एकवीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी नॉटिंगहॅममध्ये त्यांच्या 'नेव्हर माइंड द बोलॉक्स' या अल्बमचे नाव दुकानाच्या काचेवर लावल्याबद्दल तिथल्या व्यवस्थापकावर १८८९ च्या अश्लील जाहिरातविषयक कायद्याखाली खटला भरला गेला. बचावाला जॉन मॉर्टिमर हे नामांकित बॅरिस्टर होते. त्यांनी इंग्रजीच्या एका प्राध्यापकांना साक्षीला बोलावले आणि नावातला 'बोलॉक्स' हा शब्द शतकानुशतके भाषेत रुळलेला आहे हे सिद्ध केले. दंडाधिकाऱ्यांनी मोठ्या नाखुशीने, पण आरोपीला निर्दोष सोडले. पंकवाल्यांच्या बाजूने शब्दकोश उभा राहिल्याचा हा प्रसंग मला फार प्रिय आहे.

सगळ्यांत मोठा कज्जा मात्र मॅनेजर माल्कम मॅक्लॅरन याच्याशी झाला. जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर बँड फुटला. आपले पैसे मिळाले नाहीत म्हणून लायडन लंडनच्या उच्च न्यायालयात गेला आणि १९७९ मध्ये न्यायालयाने मॅनेजरच्या कंपनीवर रिसीव्हर, म्हणजे तिचा कारभार सांभाळणारा माणूस, नेमला. प्रकरण मिटायला १९८६ चा जानेवारी उजाडला. तेव्हा कंपनीचे हक्क आणि पैसा बँडच्या सभासदांकडे आला. बासवादक सिड व्हिशस तोवर मरण पावला होता, त्याचा वाटा त्याच्या आईकडे गेला. गायलेल्याचे पैसे मिळवायला या माणसाला सात वर्षे लागली.

आडवाट

खडकवाट, शेवटचे वाक्य वाचून मी थबकलो. सात वर्षे स्वतःच्या मेहनतान्यासाठी लढलेला माणूस अकरा वर्षांनी दुसऱ्या वादकासमोर पैसे देणाऱ्याच्या बाजूला उभा होता. त्याची बाजू खरीही असेल. पण ड्रमर बोलत असताना वेडीवाकडी तोंडे करायला त्याला कसे जमले, हे मला समजत नाही.

ढोलताशा_१९

आपल्याकडे याला गुर्मी म्हणतात.

खडकवाट

@आडवाट, तुमचा आक्षेप मला मान्य आहे, तरी एक सांगतो. लायडन गप्प बसला असता तर कार्यक्रमवाल्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. त्याला बोलावले होते ते जॉनी रॉटन म्हणून. विल्यम्सच्या समोर प्रतिवादी उभा होता आणि कॅमेऱ्याच्या समोर एक प्रसिद्ध पात्र. तो दोन्हीकडे एकाच वेळी बोलत होता.

रेवा_प

माझा आक्षेप वेगळा आहे. या धाग्यावर आत्तापर्यंत पैशांचीच चर्चा झाली. विल्यम्सचा दुसरा आरोप मारहाणीचा होता. कामाच्या ठिकाणी ज्याच्या हाती आपला पगार आहे त्याने आपल्यावर हात उचलला, असे एक माणूस सांगतो आहे आणि सभोवार लोक हसत आहेत. ते प्रेक्षकही पैसे देऊन आणून बसवलेले असत, हे आता सर्वांना माहीत आहे. आरोप खरा की खोटा हा भाग बाजूला ठेवू, कारण निकाल लायडनच्या बाजूने लागला आणि आपण कोणी तिथे नव्हतो. पण ज्या जागी तक्रार ऐकतानाच हशा पिकतो, तिथे पुढचा तक्रारदार कशाला येईल? मी एका कारखान्याच्या तक्रार निवारण समितीवर सहा वर्षे काम केले आहे. तिथली पहिली शिकवण हीच होती, की ऐकून घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटता कामा नये.

शिवाय मारहाणीचा आरोप असा सहीनिशी लवादाकडे देता येतो का?

सनदधारक

रेवाताई, प्रश्न चांगला आहे. एकाच कृतीचे कायद्याच्या नजरेत दोन भाग पडतात. मारहाण हा गुन्हा आहे आणि त्याचा खटला सरकार चालवते. तो कोणत्याही लवादाकडे देता येत नाही, इथेही नाही आणि तिथेही नाही. मात्र त्या मारहाणीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई ही दिवाणी बाब आहे आणि ती दोघांनी मिळून लवादाकडे नेता येते. विल्यम्सने मागितली ती भरपाई.

लवादाची कक्षा सहीपुरतीच असते, याचे या कार्यक्रमातलेच एक उदाहरण आहे. एका जोडप्याने वस्तूंच्या मालकीचा वाद शाइंडलिन यांच्यापुढे नेला होता. त्यांनी त्यावर निवाडा दिला आणि ओघात मुलाचा ताबा व भेटीगाठी यांबद्दलही हुकूम दिला. पुढे १९९९ मध्ये ब्रुकलिनच्या कौटुंबिक न्यायालयाने मुलासंबंधीचा भाग रद्द ठरवला, कारण दोघांनी सही केलेल्या करारात तो विषयच नव्हता. वस्तूंचा निवाडा कायम राहिला, मुलाचा टिकला नाही.

कुरुंदवाडकर

रेवाताईंचा हशाबद्दलचा मुद्दा मला पटतो. तरी विचारतो, आपल्या तालुक्याच्या कोर्टात काय होते? साक्षीदाराला उलटतपासणीत रडवतात, तारखांवर तारखा पडतात, पक्षकार बाकावर बसून वाळून जातो. तिथे कोणी हसत नाही, पण माणसाची अप्रतिष्ठा व्हायची ती होतेच. मग निदान लवकर आटोपले तर काय बिघडले?

रेवा_प

@कुरुंदवाडकर, तालुक्याच्या कोर्टातला उशीर हा दोष आहे असे आपण सर्व मानतो आणि तो दूर व्हावा असे म्हणतो. टीव्हीवरचा हशा हा तिथला दोष नव्हता, विकायला ठेवलेला माल तोच होता. मला हा फरक मोठा वाटतो.

निशिगंधा

रेवाताईंशी सहमत. नंतर एकदा वाचले, की पुढच्या काळात शाइंडलिन यांचे मानधन वर्षाला सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर होते आणि चित्रीकरण वर्षातून बावन्न दिवसांच्या आसपास चाले. त्याच खोलीत न्याय मागायला आलेल्या माणसाला जास्तीत जास्त ५,००० डॉलर. मी बाईंना दोष देत नाही. त्यांच्या तल्लखपणाबद्दल मला आदरच आहे. पण पैसा कशातून येत होता ते या दोन आकड्यांवरून कळते.

पारगावकर

आमचे गाव नारायणगावच्या जवळ आहे, म्हणून हा अनुभव लिहितो. विषय वादकाच्या मेहनतान्याचा आहे, तेव्हा तो अस्थानी होणार नाही असे वाटते.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे येऊन कार्यक्रमाची सुपारी तिथेच ठरवतात. फडमालक आणि कलाकार यांच्यातला व्यवहार त्याच्या आधी झालेला असतो. कलाकार हंगामापूर्वी मालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर ती फेडतो. माझे चुलते एका फडात ढोलकी वाजवत. एका वर्षी मालकाचे आणि त्यांचे वाजले, ते फड सोडून निघाले आणि किती उचल फिटली यावर तंटा झाला. कागद कुठेच नव्हता. शेवटी दुसऱ्या एका फडातले वयस्कर सोंगाड्ये आणि गावातले एक दुकानदार असे दोघे राहुटीत बसले, दोघांचे ऐकले, हंगामातले खेळ बोटांवर मोजले आणि आकडा सांगितला. चुलत्यांना तो कमी वाटला, मालकाला जास्त वाटला, पण दोघांनी मानला.

तो निवाडा टिकला, कारण ऐकणाऱ्या दोघांनाही तो धंदा आतून माहीत होता. रात्री दोन वाजता पाऊस आला आणि खेळ अर्ध्यावर मोडला, तर तो खेळ धरायचा की नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. शाइंडलिन बाईंना दौऱ्यातल्या ड्रमरचे काम काय असते, तालमीचे पैसे वेगळे असतात की नाही, हे किती ठाऊक असेल?

आडवाट

पारगावकर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तालमीचे पैसे हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत दुखरा प्रश्न आहे. कार्यक्रमाचे पाच हजार ठरतात, पण त्याआधीच्या चार तालमी, त्यांचे जाणे-येणे, रात्रीचे जेवण याबद्दल कोणी शब्द काढत नाही. कार्यक्रम झाला तर ते सगळे त्या पाच हजारांत जिरते. कार्यक्रम रद्द झाला किंवा ऐन वेळी दुसरा वादक घेतला तर चार तालमी बुडाल्या. दौऱ्याआधी काम सुटलेल्या वादकाने काय गमावले, हे आम्हाला सांगावे लागत नाही.

मुळामुठा

कोणीतरी किरण बेदी यांच्या कार्यक्रमाचा उल्लेख करेल असे वाटले होते. २००८ मध्ये स्टार प्लसवर 'आप की कचहरी' सुरू झाला होता आणि त्यात निवृत्त पोलीस अधिकारी असलेल्या बेदी घरगुती व पैशांचे वाद ऐकत असत. आमच्या घरी सगळे पाहायचे. त्या ओरडत कमी आणि समजावत जास्त, असे माझ्या स्मरणात आहे.

सनदधारक

मुळामुठा यांच्यामुळे आपल्याकडच्या वाटांवर येता येईल. आपल्या देशात लोकअदालत आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला आधार दिला आहे. तिथे कोर्ट फी लागत नाही, आधी भरलेली परत मिळते, झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नाही. लवादापेक्षा तिचा एक मोठा फरक आहे. लवाद तुमच्या इच्छेविरुद्धही निवाडा देऊ शकतो, कारण तुम्ही आधीच सही केलेली असते. लोकअदालतीत दोघांचे एकमत झाल्याशिवाय काहीही होत नाही. एकमत झाले नाही तर प्रकरण जसेच्या तसे न्यायालयाकडे परत जाते. म्हणून दांडगाई करणारा समोर असेल तर लोकअदालत कमी पडते, आणि थोडीफार लाज असलेला समोर असेल तर तिच्याएवढी सोयीची जागा नाही.

खडकवाट

मी मघाशी कथा १९८६ वर सोडली होती. तिचा पुढचा भाग आडवाट यांच्या प्रश्नाला थेट लागू पडतो.

२०२१ मध्ये लायडन पुन्हा लंडनच्या उच्च न्यायालयात होता, आणि या वेळी समोर होते त्याचेच जुने साथीदार, गिटारवादक स्टीव्ह जोन्स आणि ड्रमर पॉल कुक. दिग्दर्शक डॅनी बॉयल बँडवर एक टीव्ही मालिका करत होते, त्यात जुनी गाणी वापरायला दोघे तयार होते आणि लायडनचा विरोध होता. दोघांनी १९९८ चा एक लेखी करार पुढे ठेवला. बँडच्या अशा बाबतींत बहुमताने ठरवायचे असे त्यात होते. हा करार आपल्याला बांधत नाही, असे लायडनचे म्हणणे होते. न्यायमूर्ती सर अँथनी मान यांनी ऑगस्टमध्ये निकाल दिला की करार बंधनकारक आहे आणि बहुमताचा निर्णय लायडनला मानावा लागेल.

विल्यम्स आणि कुक दोघेही ड्रमरच. एक टीव्हीवरच्या कचेरीत रित्या हाती परतला, दुसरा उच्च न्यायालयात जिंकला. प्रतिवादी तोच, त्याचा आवाजही तेवढाच चढा. कुकच्या हातात तेवीस वर्षांपूर्वीचा सहीचा कागद होता आणि न्यायमूर्तींकडे तो ओळ न् ओळ वाचायला वेळ होता.

कुरुंदवाडकर

खडकवाट, दोन्ही प्रकरणांत रकमेचा आणि ऐपतीचा फरक प्रचंड आहे, हे विसरता येणार नाही. उच्च न्यायालयात जाणे कुकला परवडले, विल्यम्सला परवडले असते का? त्याच्यापुढे टीव्हीवरची कचेरी किंवा लहान दाव्यांचे न्यायालय एवढेच पर्याय असावेत. माझा मूळ मुद्दा तिथेच आहे. लहान माणसाला मिळते ते लहान दार.

रेवा_प

हा मुद्दा मात्र मी मान्य करते. लहान दार असावे. त्यावर कॅमेरा नसावा, एवढेच माझे मागणे आहे.

ढोलताशा_१९

आमचे पथक मानधन घेत नाही, त्यामुळे हा प्रश्न येत नाही असे समजत होतो. पण ढोलाची पाने फाटली तर खर्च आयोजकाचा की पथकाचा, यावर गेल्या वर्षी मोठा वाद झाला. आता या वर्षी आधी लिहून घेणार आहोत.

आडवाट

सर्वांचे मनापासून आभार. धाग्याच्या सुरुवातीला जे लिहिले नव्हते ते आता लिहितो.

दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात आमच्या चार वादकांचे तीन कार्यक्रमांचे पैसे एका आयोजकाने अडकवले. कार्यक्रम झाले, लोकांनी दाद दिली, शेवटच्या रात्री 'सोमवारी देतो' असे सांगितले गेले आणि तो सोमवार अजून आलेला नाही. आमच्यातला कीबोर्डवाला मध्यंतरी म्हणाला, की समाजमाध्यमावर त्याचे नाव घालून चित्रफीत टाकू, चार लोक पाहतील, लाजेने देईल. मी जवळजवळ तयार झालो होतो. त्याच रात्री विल्यम्सची ती चित्रफीत पुन्हा पाहिली आणि मला भीती वाटली. आयोजक बोलायला चतुर आहे, लोकांना हसवतो. आम्ही चौघे व्यासपीठावर मागच्या रांगेत बसणारी माणसे आहोत. कॅमेऱ्यासमोर उभे राहिलो तर पाहणाऱ्यांना कोण आवडेल, हे मला आत्ताच सांगता येते. आमचे काम ताल धरण्याचे आहे, ते आम्ही केले, त्याचे ठरलेले पैसे मिळावेत. आम्ही कोणाला आवडावे ही अट त्यात नव्हती.

माझ्या मूळ प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला मिळाले आहे. चित्रफीत टाकणार नाही. आता पुढे काय करता येईल, एवढे सनदधारक यांनी सांगावे. लेखी करार नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर तारखा आणि रक्कम ठरवल्याचे निरोप आहेत.

सनदधारक

आडवाट, तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी दुबळी नाही.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि तोंडी करारही त्याला मान्य आहे. अडचण असते ती सिद्ध करण्याची. त्यासाठी ते निरोप उपयोगी पडतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा देताना सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून ज्या फोनवर निरोप आहेत तो विकू नका, बदलू नका आणि निरोप पुसू नका. कार्यक्रमांची पोस्टरे, छायाचित्रे, गाडीभाड्याच्या पावत्या, जे असेल ते गोळा करा. अशा पैशांच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. दोन गेली आहेत, म्हणून आता हयगय नको.

आधी वकिलामार्फत नोटीस द्या. तिला काही उत्तर आले नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दावा दाखल करण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येते. तिथेही जमले नाही तर दिवाणी दावा आहेच. पुढच्या हंगामापासून मात्र एक पानाचा का होईना, सहीचा करार करा. रक्कम ठरलेली असेल आणि करार लेखी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो आणि पुष्कळ वेळ वाचतो.

पारगावकर

त्या एका पानात तालमी किती आणि प्रत्येकीचे किती, हे आधी लिहा. कार्यक्रम पावसाने किंवा परवानगीअभावी मोडला तर निम्मे की पूर्ण, तेही लिहा. चुलत्यांचा सगळा तंटा याच दोन गोष्टींवर झाला होता.

आडवाट

लिहून घेतले. उद्या चौघे भेटतो आहोत. चारही फोन आणि त्या तीन रात्रींच्या डिझेलच्या पावत्या बरोबर आणायला सांगितल्या आहेत. एक शंका राहिली. नोटीस चौघांची मिळून एक द्यावी की वेगवेगळी?

सनदधारक

प्रत्येकाशी रक्कम वेगळी ठरली असेल तर वेगवेगळी द्या. चौघांचे मिळून एकाच आकड्यावर ठरले असेल तर एकच पुरे, पण सह्या चौघांच्याही हव्यात. आणि त्या 'सोमवारी देतो' म्हटल्याच्या रात्रीची तारीख न विसरता घाला.